फारकतीचं कारण

प्रेमानंदने आयुष्यात एकदाच माणसावर हात उचलला, आणि तोही समुद्रापलीकडे जाऊन. देऊळघाटात त्याने कुणाला साधी चापट मारल्याचं कुणाला आठवत नाही. त्याच्या बापाचं तसं नव्हतं. गुलाबराव गावच्या नळाला पाणी सोडायच्या कामावर होते. गावात सगळ्यांशी हात जोडून बोलायचे आणि घरी आले की तेच हात बायकोवर, जनकाबाईवर चालवायचे. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मारायचे, कमी झालं म्हणून मारायचे, आणि बरोबर झालं तर 'आज काऊन बरोबर झालं?' म्हणून मारायचे. प्रेमानंद दाराआड उभा राहून ऐकायचा. मोठा होता होता त्याने मनाशी एकच गोष्ट पक्की केली, की आपल्या घरात बाईवर हात उठणार नाही. बाकी त्याला जगात फार काही जमलं नाही, पण एवढं जमलं. मनालीशी लग्न झाल्यापासून त्याने तिच्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. गावातले लोक त्याला बायकोच्या मुठीतला म्हणायचे, आणि त्याला ते ऐकून बरंच वाटायचं.

मनाली नर्स. बुलढाण्याच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला. प्रेमानंद इलेक्ट्रिशियन, आयटीआय झालेला. मुलगी यशोधरा वर्षाची झाली तेव्हा तो आखातातल्या एका देशात कामाला गेला. कंपनीच्या खोलीत आठ जण, स्वयंपाक पाळीपाळीने. त्यातला एक जण आपल्याच महाराष्ट्रातला. आडनावावरून त्याला काही अंदाज लागेना, म्हणून तो फार गोड बोलायचा. मग एक दिवस प्रेमानंदची पेटी उघडी दिसली आणि आत झाकणाला चिकटवलेला बाबासाहेबांचा फोटो दिसला. दुसऱ्या दिवसापासून त्या गड्याची ताट-वाटी वेगळी, पाण्याची बाटली वेगळी. वाळवंटात पन्नास डिग्रीत एकाच तारेवर लोंबकळणारी ही माणसं, तिथेही हे जळलं नाही. प्रेमानंद गप्प राहिला. पण एका शुक्रवारी त्याने सगळ्यांसाठी रांधलेली डाळ त्या माणसाने सगळ्यांसमोर बेसिनमध्ये ओतून दिली आणि म्हणाला, "आता नव्यानं लावू." प्रेमानंदच्या हातात झारा होता. तो एकदाच चालला.

कपाळ फुटलं, टाके पडले, पोलीस आले. डाळ का ओतली हे त्या देशाच्या कोर्टात सांगायला प्रेमानंदकडे भाषा नव्हती, आणि दुभाष्याला ती गोष्ट समजली नाही. हिंदी बोलणारा तो केरळी माणूस पुन्हा पुन्हा विचारायचा, "पर दाल में खराबी क्या थी?" तीन महिने तुरुंग, मग थेट विमानात बसवून परत पाठवणी. गावात आल्यावर प्रेमानंदने कुणापासून काही लपवलं नाही. त्याने देऊळघाटात मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. शेतातल्या जळालेल्या मोटारी यायच्या, तो त्यांच्यात नवी तार भरून द्यायचा. झालं ते झालं, शिक्षा भोगली, विषय संपला, असं त्याला वाटलं. आपल्याकडे माणूस सुटून आला की सुटलाच. कागद सुटत नाही, हे त्याला पुढे कळायचं होतं.

कॅनडाचं मनालीच्या डोक्यात आलं ते दवाखान्यातल्या एका मैत्रिणीमुळे. मैत्रीण तिकडे गेली आणि दोन वर्षांत नवऱ्या-पोरांसकट तिथलीच कायमची झाली. मनालीने मग इंग्रजीची परीक्षा मनावर घेतली. रात्रपाळी करून आल्यावर ती कानाला हेडफोन लावून बसायची, तेव्हा घरात स्वयंपाक, पोरीची वेणी, शाळेचा डबा, सगळं प्रेमानंद बघायचा. पहिल्यांदा मार्क कमी पडले, दुसऱ्यांदा पुरेसे आले. तिकडच्या एका दवाखान्याने नोकरी देऊ केली. त्या दिवशी मनाली त्याला म्हणाली, "तिथं कोनी आडनाव इचारत नाई म्हनतात." प्रेमानंद हसला. विचारणारे लोकही विमानानेच जातात, हे त्याला चांगलं माहीत होतं. पण तिचा चेहरा बघून तो काही बोलला नाही.

अर्जाचं काम बुलढाण्याच्या देवेशकडे दिलं. हा देवेश परदेशी जाणाऱ्यांची कामं करायचा. वयाने लहान, बोलायला गोड आणि स्वभावाने वाईट नाही. अर्जात प्रश्न होता, तुम्हाला किंवा कुटुंबातल्या कुणाला कुठल्याही देशात शिक्षा झाली आहे का? गुलाबराव म्हणाले, नाही लिहा, आखातातलं कॅनडाला काय कळते? पण मनालीने मान हलवली. "इचारलं हाय तं खरं सांगू. आपन काई चोरी नाई केली." देवेशनेही तेच सांगितलं, की खोटं पकडलं गेलं तर कायमचं नाव जातं. म्हणून निकालाचं भाषांतर मागवलं. त्यात डाळ नव्हती, ताट-वाटी नव्हती, शुक्रवार नव्हता. 'धातूच्या हत्याराने दुसऱ्या कामगारावर हल्ला' एवढंच होतं. खरं बोलणं हेसुद्धा कधी कधी हात दाखवून अवलक्षण असतं.

दोन महिन्यांनी मेल आला. देवेशने त्या दोघांना समोर बसवून समजावलं. "ते तुमचा गुन्हा त्यांच्या कायद्याच्या मापानं मोजतात. तिकडे हत्यारानं मारणं गंभीर धरतात. शिक्षा संपून पाच वर्षं झाली की माफीचा अर्ज करता येतो. तुमची तीनच झालीयेत."

"झारा हत्यार होय काय?" प्रेमानंदने विचारलं.

"कपाळ फुटलं ना दादा. मग होय."

"मंग मी नाई जात. मी राह्यतो इथं. तिले अन् पोरीले जाऊ द्या."

"तसंही होत नाही. कायमचं राहायला जायचं तर नवरा-बायको एकाच तराजूत. तुम्ही सोबत गेला नाहीत तरी तुमच्यामुळे त्यांचा अर्ज अडतो." पुढचं वाक्य देवेशने टेबलाकडे बघून उच्चारलं. "नातं तुटलेलं असेल, तरच वेगळं धरतात."

दोन वर्षं थांबायचं तर नोकरी थांबणार नव्हती आणि परीक्षेचे मार्कही मुदतीत बसणार नव्हते. मनाली तेव्हाच चौतिशीची होती, आणि वय वाढलं की तिकडचे गुण कमी होतात. घरी आल्यावर कुणी जेवलं नाही. तोडगा काढला तो गुलाबरावांनी. "ते कागदच पाह्यतात ना? मंग कागद देऊन टाकू. फारकत लेहू. कागदावरची फारकत. उद्या प्रेमानंदची पाच वर्सं झाली का कागद फाडून टाकू. माया भाच्याची फारकत बुलढान्याच्या कचेरीत लेहेली, त्याचं दुसरं लगन झालं, पोरं झाले, कोनं काय इचारलं?"

हे मात्र खरं होतं. पाच माणसं, स्टँपपेपर आणि नोटरीचा शिक्का, एवढ्यावर आपल्या मुलखात कितीतरी संसार मोडले आणि कितीतरी नवे उभे राहिले. कोर्ट त्याला काय म्हणतं, हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. प्रेमानंद म्हणाला, कागदच आहे. मनाली म्हणाली, हाव, कागदच. देवेशला विचारलं तेव्हा तो "वेगळं झाल्याचा पुरावा लागेल" एवढंच बोलला. कसला पुरावा, हे त्याने स्पष्ट केलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

बुलढाण्याला कोर्टाच्या आवारात अर्जनवीस टेबल टाकून बसायचा. बाजूला प्रिंटर, वर पत्रा. मनालीचे वडील उत्तमराव सुलतानपूरहून आले होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. आयुष्यभर गाडी सरळ चालवलेला माणूस, त्याला हे वळण पटत नव्हतं. "खोटं हाय ना हे?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि गुलाबरावांनी तिसऱ्यांदा "हाव" म्हटलं.

अर्जनवीसाने नावं घेतली, वयं घेतली, आणि बोटं की-बोर्डवर ठेवून विचारलं, "कारन काय लेहू?"

उत्तमरावांनी गुलाबरावांकडे बघितलं.

"कारनाबिगर फारकत कोन मानते? दारू, बाई, नाईतं मारहान. काय लेहू?"

मनाली पटकन म्हणाली, "बाई नोका लेहू." प्रेमानंद दारू पीत नव्हता, आणि प्यायचा म्हटलं तर देऊळघाटात कुणाचा विश्वास बसला नसता. देवेशला फोन लावला. तो घाईत होता. म्हणाला, तिकडे आधीच हल्ल्याचा कागद गेलाय, त्याला धरून असेल तर पटेल. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं.

"मारहान लेहा," प्रेमानंद म्हणाला.

अर्जनवीसाला ते पाठ होतं. लग्नानंतर काही दिवस बरे गेले, नंतर लिहून देणार हा लिहून घेणारीस वारंवार हाताबुक्क्यांनी व मिळेल त्या वस्तूने मारहाण करू लागला, असं तो न थांबता टाइप करत गेला. जनकाबाई बाजूच्या ओट्यावर बसल्या होत्या. तो मोठ्याने वाचून दाखवत होता तेव्हा त्या ऐकत होत्या आणि मधूनमधून मान हलवत होत्या. त्यातला शब्द न शब्द खरा होता, फक्त नवरा-बायको वेगळे होते. गुलाबरावांनी पंच म्हणून पहिली सही केली. त्यांच्या नावावर जगातल्या कुठल्याही देशात कुठलाही गुन्हा नव्हता. मागितलं असतं तर त्यांना पोलिसांचा स्वच्छ दाखला मिळाला असता. याला चोर सोडून संन्याशाला फाशी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

वेगळं राहिल्याचंही दिसायला हवं होतं. मनाली यशोधरेला घेऊन सुलतानपूरला गेली आणि मेहकरच्या एका दवाखान्यात कामाला लागली. फोन करू नका, तेही तपासतात, असं कुणीतरी सांगितलं. कुणी ते कोण जाणे, पण त्यांनी पाळलं. प्रेमानंद दुकानातून घरी यायचा, आईने वाढलेलं जेवायचा आणि पोरीची शाळेची जुनी वही उघडून बसायचा.

पंचांपैकी एकाने कागदातला मजकूर पारावर सांगितला असावा. कागद खोटा आहे हे सांगायचं तो विसरला, किंवा मुद्दाम गाळलं. आठ दिवसांत देऊळघाटभर झालं. ज्या बाया आधी दुकानासमोरून जाताना 'प्रेमानंदभाऊ' म्हणून हाक मारायच्या, त्या पदर सावरून पलीकडून जाऊ लागल्या. याहून वाईट होतं ते पुरुषांचं. मोटार घेऊन आलेला एक म्हातारा शेतकरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मले वाटे तू बायकोच्या धाकातला हायेस. मर्द निंगाला लेका." प्रेमानंदने हातातलं काम थांबवलं. मोटारीचा रोटर दोन्ही हातांत धरून तो नुसता बसून राहिला. 

फारकतीच्या कागदावर कॅनडाचं उत्तर आलं ते नकाराचं. कोर्टाचा हुकूमनामा नाही, नोटरीचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे, आणि आमचं पत्र मिळाल्यावर पंधरवड्यातच तुमचं नातं तुटलं, हे आम्हाला खरं वाटत नाही. बस. तेलही गेलं, तूपही गेलं. देवेशने खूप वाईट वाटल्याचं सांगितलं आणि त्याला वाटलंही असेल.

प्रेमानंदला मात्र ते ऐकून, खरं सांगायचं तर, आतून हलकं झालं. आता लपवायचं काही उरलं नाही. त्याने दुकान बंद केलं, दाढी केली आणि मोटारसायकल काढून थेट सुलतानपूर गाठलं, बायको-पोरीला घरी आणायला.

उत्तमरावांनी "या जवाईबापू" म्हटलं, पण म्हणताना इकडेतिकडे बघितलं. यशोधरा अंगणात अभ्यास करत होती. तिच्या केसांतली पिन निसटून लोंबकळत होती. प्रेमानंदने सवयीने ती नीट करायला हात वर केला, आणि पोरीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"मी काई नाई केलं बाबा," ती म्हणाली.

शाळेतल्या पोरांनी तिला सांगितलं होतं. सहा वर्षांच्या लेकराला स्टँपपेपरवरचं खरं आणि घरातलं खरं यातला फरक कोण समजावणार? मनालीने एकदा प्रयत्न केला होता. त्यावर यशोधरेने विचारलं होतं, मग बाबांनी सही कशाला केली? 

प्रेमानंद ओसरीत येऊन बसला. मनालीने चहा ठेवला आणि समोर बसली. ती वाळली होती. तिने सगळं आधीच विचार करून ठेवलेलं दिसत होतं.

"तिकडच्या दवाखान्यानं अजून जागा धरून ठेवली हाय," ती म्हणाली. "कोर्टाचा निकाल आनला तं नवा अर्ज करता येते. मी वकीलबाईले इचारलं. दोघांच्या मर्जीनं करायचं तं वरीसभर वेगळं राहा लागते, मंग अजून सहा महिने. पन मारहानीवर केस टाकली अन् तुमी कबूल झाले, तं लवकर होते."

"ते खोटं हाय मनाली."

"मले माहीत नाई काय? पन सही खरी हाय तुमची."

"अन् मंग? माया पाच वर्सं झाल्यावर?"

 हाही प्रश्न मनालीने देवेशला विचारला होता. ज्याने मारलं म्हणून कोर्टाने घटस्फोट दिला, त्याच माणसाशी पुन्हा लग्न करून त्याला बोलावलं, तर तिकडचा अधिकारी काय म्हणेल? एक तर आधी खोटं बोलली, नाहीतर आता खोटं बोलते. देवेश म्हणाला होता, ताई, मग ते दार बंदच समजा.

तिने हे त्याला सांगितलं. काही लपवलं नाही. मग रडत रडत म्हणाली, "मले जायचं हाय. माया वार्डात अजूनबी एक म्हातारी माया हातचा पेला घेत नाई, पानी वरून तोंडात ओतून मांगते. यशूले मी इथं नाई ठेवत. तुमाले राग आला तं येऊ द्या."

त्याला राग आला नाही. राग यावा असं काही ती बोललीच नव्हती. याच पाण्यासाठी त्याने झारा उचलला होता. तिने परीक्षा दिली होती, एवढाच फरक. आणि तिच्या वाटेत आडवा आला होता तो त्याचा झारा. चहा तसाच ठेवून तो उठला. जाताना यशोधरेकडे त्याने लांबूनच बघितलं. जवळ जायचा धीर झाला नाही.

केस उभी राहिली तेव्हा मनालीच्या वकीलबाईंनी फारकतीचा कागद पुढे केला. प्रेमानंदने वकील दिला नाही. एरवी असं प्रकरण एका सहीवर पुढे सरकलं असतं, पण न्यायाधीश बाई होत्या आणि बारकाईने वाचणाऱ्या होत्या. नवऱ्याचा विरोध नाही, पोटगीवर वाद नाही, मुलीवर हक्क नाही. त्यांना संशय आला असावा. त्यांनी प्रेमानंदला पिंजऱ्यात बोलावलं आणि चष्मा काढून सरळ विचारलं, "तुम्ही पत्नीला खरोखर मारत होतात? की तुम्ही दोघांनी मिळून हे रचलंय? कुणाचा दबाव असेल तर सांगा. खरं सांगितलंत तर मी आत्ता हा अर्ज फेटाळते."

म्हणजे एका वाक्याने सगळं परत मिळणार होतं. बायको, पोर, गावातलं नाव, सगळं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्याला कोर्टात किंमत होती. आखातात भाषा नव्हती, इथे तर मायबोली होती.

त्याने मनालीकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. तिने 'सांगा' म्हणून मान हलवली असती तर त्याने खरं सांगितलं असतं. तिने हलवली नाही. मागच्या बाकावर गुलाबराव बसले होते, शर्टाची वरची गुंडी लावून, हात मांडीवर ठेवून, सभ्य माणसासारखे.

"हो साहेब," प्रेमानंद म्हणाला. "मारत होतो."

"कशानं?"

 बापाकडे बघतच त्याने सांगायला सुरुवात केली. हातानं. पट्ट्यानं. एकदा नळाच्या पान्यानं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, कमी झालं म्हणून. एवढं तपशिलात कुणी रचत नाही. बाईंची शंका मिटली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. गुलाबरावांनी मान खाली घातली. शेजारी बसलेल्या जनकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

न्यायाधीश बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी मनालीकडे बघितलं. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता.

"चांगलं केलंत वेळेवर बाहेर पडलात ते. मुलीला घेऊन याच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जा."

"हो मॅडम," मनाली म्हणाली.